रंग आधी की इंजिन आधी?

जुनी मोटारसायकल सांभाळणाऱ्या घरात हा वाद कधी ना कधी होतोच. पैसे मोजके असतात आणि गाडीची कामं मात्र डझनभर. मग ते पैसे इंजिनात घालायचे की रंगात? दहातले नऊ जण छातीठोकपणे सांगतात, "इंजिन! रंग काय, वरवरचं काम." दहावा रंगाच्या बाजूचा असतो, पण बिचारा चारचौघांत बोलत नाही.

आमच्याकडे सध्या हा वाद रंगलाय (कोटी झाली, चालवून घ्या) तो मामांच्या बुलेटवरून. ३५० सीसी, १९८९ सालची, कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायाला. मुक्काम रेवदंडा, समुद्रापासून चालत पाच मिनिटं. मामा अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि आजही आठवड्यातून तीनदा त्याच गाडीवरून अलिबागला जातात. आम्ही भाच्यांनी आणि मामेभावाने मिळून चाळीस हजार जमवलेत. मामेभावाला इंजिन हवंय: ३५० चं ५०० करणारं किट, मोठा कार्बोरेटर, मोकळा सायलेन्सर. मामींना रंग हवाय, कारण गाडी दारात उभी दिसली की भंगारवाला "द्यायची का?" म्हणून विचारून जातो. मामांचं म्हणणं, "मला कुणी विचारलंय का?"

शेवटी माझ्याकडे बघून मामी म्हणाल्या, "तू सांग रे, तू शिकलेला." आता संगणकावर काम करणाऱ्या माणसाला बुलेटमधलं काय कळणार! पण एक सवय आम्हाला असते. नवा निर्णय घ्यायच्या आधी, हाच निर्णय आधी कुणी घेतला होता का आणि त्याचं पुढे काय झालं, हे आम्ही शोधतो. तसं शोधायला बसलो आणि दोन शनिवार-रविवार त्यातच गेले. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

*

सुरुवात खुद्द बुलेटपासून करू, कारण या गाडीचा सगळा इतिहासच 'इंजिन की रंग' या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

भारत सरकारने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सैन्यासाठी ३५० सीसीच्या बुलेट इंग्लंडहून मागवल्या. त्या सरहद्दीवर टिकल्या. मग १९५५ साली मद्रास मोटर्सबरोबर भागीदारीत 'एन्फिल्ड इंडिया' ही कंपनी उभी राहिली. आधी इंग्लंडहून सुटे भाग आणून इथे जोडायचे, मग हळूहळू सगळेच भाग मद्रासजवळ तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात होऊ लागले. तिकडे इंग्लंडमध्ये नवीन गाड्या, नवीन इंजिनं असं सगळं चालू होतं, पण १९६७ मध्ये रेडिचचा मूळ कारखाना बंद पडला आणि काही वर्षांत मूळ कंपनीच संपली. मद्रासची शाखा मात्र जगली आणि १९७७ पासून तीच गाडी उलट इंग्लंडला निर्यात करू लागली! आपल्याकडे म्हणतात ना, गुरूची विद्या गुरूला, तसं.

पण जगली म्हणजे काय केलं? खरं सांगायचं तर फारसं काहीच केलं नाही. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी, १८ अश्वशक्ती. १९५५ मध्ये हे जे होतं तेच मामांच्या १९८९ च्या गाडीत आहे. परवाना राजच्या काळात गाडी मिळायलाच रांग होती, तेव्हा इंजिन सुधारा असं सांगणार कोण? वरवर थोडं थोडं बदलत राहिलं. रंग बदलले, क्रोमचा वापर कमी-जास्त झाला, पट्ट्या बदलल्या. आत तेच इंजिन, तीच तेलगळती, तेच किक मारायच्या आधी डिकॉम्प्रेशनचं लिव्हर दाबून अ‍ॅमीटरच्या काट्याकडे बघणं.

मग १९८० च्या दशकात जपानी तंत्राच्या शंभर सीसी गाड्या आल्या. हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या. बुलेटचं गिऱ्हाईक आटत गेलं. १९९४ मध्ये आयशर समूहाने कंपनी ताब्यात घेतली, तरी घसरण थांबेना. २००० साली परिस्थिती अशी होती की आयशरच्या संचालक मंडळात हा धंदा बंद करावा की विकावा याची चर्चा होती. तेव्हा सव्वीस वर्षांच्या सिद्धार्थ लाल यांनी, मला एक संधी द्या, म्हणून कंपनीची सूत्रं हातात घेतली.

आता इथे थांबून विचार करा. तुमच्या हातात मोजके पैसे आहेत. जुने गिऱ्हाईक म्हणतंय, "बुलेटला हात लावू नका, तो आवाज गेला तर बुलेट कसली!" नवं गिऱ्हाईक म्हणतंय, "तेल गळतं, किक मारताना पाय मोडतो, आम्ही नाही घेणार." तुम्ही काय कराल?

सोपा मार्ग रंगाचा होता. नवीन रंग, नवीन क्रोम, नवीन जाहिरात. कंपनीने तोही थोडा वापरला. पण खरा पैसा गेला तो आत. आधी ऑस्ट्रियाच्या एव्हीएल या संस्थेच्या मदतीने केलेलं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन आलं. मग २००८-०९ च्या सुमारास इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत बसवलेलं नवं इंजिन आलं. (जुन्या गाडीत इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, आणि दोघांच्या सांध्यांतून तेल गळण्याची जणू स्पर्धा.) २००९ साली हे नवं इंजिन ज्या 'क्लासिक'मध्ये घालून बाजारात आणलं, तिचा चेहरा मात्र मुद्दाम १९५० च्या दशकाचा ठेवला. गोल दिवा, थेंबासारखी टाकी, जुने वाटणारे रंग. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पुण्या-मुंबईतल्या आपल्या पिढीच्या निम्म्या पार्किंगमध्ये ती उभी आहे.

आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी आतला सगळा लेगसी कोड नव्याने लिहिला आणि पडदा जुनाच ठेवला. जुन्या शौकिनांनी "ती डुगडुग गेली" म्हणून बोटं मोडली. पण गाड्या विकल्या गेल्या, कंपनी वाचली. २०२१ मध्ये क्लासिकला पुन्हा नवं इंजिन आणि नवी चेसिस मिळाली, चेहरा पुन्हा तोच.

मामेभावाला हे सांगितलं तेव्हा तो खूश. "बघ! इंजिन पहिलं." पण थांबा, दुसरी बाजू आहे.

*

दुसरी बाजू अमेरिकेतली आहे. हेन्री फोर्डच्या 'मॉडेल टी' बद्दल एक वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं, कुठलाही रंग घ्या, फक्त तो काळा असला पाहिजे. गंमत म्हणजे १९०८ मध्ये गाडी आली तेव्हा ती इतर रंगांतही मिळायची. फक्त काळा हा नियम १९१४ पासून आला, जुळणीचा सरकता पट्टा सुरू झाल्यावर. तो काळा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता आणि एकच रंग म्हणजे कारखान्यात खोळंबा नाही. गाडीची किंमत वर्षानुवर्षं उतरत गेली. इंजिन वीस अश्वशक्तीचं, शेवटपर्यंत तेवढंच.

१९२३ मध्ये जनरल मोटर्सने ड्यूपाँ कंपनीच्या 'ड्यूको' लॅकरमध्ये रंगवलेली निळी ओकलंड गाडी बाजारात आणली. तोवर चांगला रंगीत थर वाळायला दिवसच्या दिवस, कधी आठवडे लागायचे. ड्यूको काही तासांत वाळायचा. म्हणजे रंगीत गाडी आता पट्ट्यावर बनवणं परवडू लागलं. १९२७ साली जनरल मोटर्सने रंग आणि आकार यांच्यासाठी स्वतंत्र विभागच काढला, आणि त्याच वर्षी दीड कोटी गाड्या विकून मॉडेल टी बंद झाली. नुसत्या रंगाने फोर्डला हरवलं असं म्हणणं चुकीचं ठरेल. शेव्हरोलेचे गिअर वापरायला सोपे होते, हप्त्याने गाडी घेता येत होती. पण रंग हा कारण-यादीतला मोठा मुद्दा होता, यात शंका नाही.

आपल्याकडेही हे रोज दिसतं. शंभर सीसीच्या गाड्या वर्षानुवर्षं जवळजवळ त्याच इंजिनावर चालल्या आणि दर दिवाळीला टाकीवरचे स्टिकर तेवढे बदलले.

थोडक्यात काय, कारखानदाराच्या दृष्टीने रंग म्हणजे विक्री. मामांना गाडी विकायची नाहीये. त्यामुळे हा सगळा इतिहास मनोरंजक असला तरी रेवदंड्याच्या प्रश्नाला पुरा पडत नाही. एन्फिल्डची गाडी शोरूममध्ये उभी होती, फोर्डची डेट्रॉइटमध्ये. मामांची गाडी नारळाखाली उभी आहे आणि समोर अरबी समुद्र आहे. तेव्हा या किनाऱ्याचाच इतिहास बघायला हवा. इथे मोटारसायकल येण्याच्या कितीतरी आधीपासून लोक 'ताकद की थर' हा हिशेब करत आलेत. फक्त त्यांचं वाहन लाकडी होतं.

*

अलिबागच्या उत्तरेला थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर खांदेरी आणि उंदेरी ही बेटं दिसतात. १६७९ च्या पावसाळ्याच्या शेवटी शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी खांदेरीवर तटाचं काम सुरू केलं. मुंबईच्या अगदी तोंडावर किल्ला, म्हणजे इंग्रजांच्या पोटात गोळा. त्यांनी बेटाला समुद्रातून वेढा घातला. १८ ऑक्टोबरला मोठी लढाई झाली, तीत मराठ्यांनी इंग्रजांचं 'डोव्हर' हे जहाज पकडलं. इंग्रजांकडे तोफांची ताकद जास्त होती, 'रिव्हेंज' या जहाजापुढे मराठी ताफ्याला मागे सरावं लागलं. पण रात्री-अपरात्री छोट्या होड्या रसद घेऊन बेटावर जातच राहिल्या. मोठी जहाजं वाऱ्यावर अवलंबून, आणि उथळ पाण्यात यायची त्यांची छाती नाही. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी वेढा आवरता घेतला. (२०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले गेले, त्यात खांदेरी आहे. पुढच्या वेळी नुसतं काशीदला जाऊन परत येऊ नका!)

पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात हेच तंत्र आणखी पक्कं झालं. मोठे गुराब आणि चपळ गलबतं. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवलंय की गलबताला चाळीस-पन्नास वल्ही असायची आणि वारा पडला की हीच गलबतं गुराबांना ओढून न्यायची. म्हणजे इंजिन म्हणाल तर माणसांचे दंड.

आता विचार करा, पन्नास माणसं वल्ही मारतायत आणि होडीच्या पोटाला शेवाळ नि शिंपले चिकटलेत. निम्मी ताकद ते शिंपले वाहून नेण्यातच जाणार. शिवाय उबदार खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतो, तो तळ आतून चाळणीसारखा करतो. म्हणून हिंदी महासागराच्या सगळ्या काठांवर जहाजं वेळोवेळी ओढून कोरडी करायची, तळ घासायचा, तेल-राळ-चुन्याचे लेप द्यायचे, ही रीत होती. आपल्या किनाऱ्यावर त्यासाठी पावसाळा होताच. समुद्र बंद, होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या, आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात. आजही १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी असते आणि त्या काळात अलिबाग-मुरुडच्या कोळीवाड्यांतून फिरलात तर घासकाम आणि रंगकाम चाललेलं दिसेल. आम्ही ज्याला मेंटेनन्स विंडो म्हणतो आणि क्लायंटकडे रविवारी पहाटे दोन तास मागायला घाबरतो, ती या लोकांनी वर्षातून दोन महिने कॅलेंडरमध्येच पक्की केलीय.

*

तिकडे इंग्रजांनी याच दुखण्यावर वेगळा उपाय काढला, तांब्याचा पत्रा. १७६१ साली 'अलार्म' या युद्धनौकेच्या पोटाला तांब्याचे पत्रे ठोकले. किडा लागला नाही, शिंपले लागले नाहीत. पण दोन वर्षांनी बघतात तर पत्र्याला लागून असलेले लोखंडी खिळे खाऊन गेलेले! खारं पाणी, तांबं आणि लोखंड एकत्र आले की बॅटरी तयार होते आणि तिच्यात लोखंड झिजतं, हे कळायला बराच काळ गेला.

१८२४ मध्ये सर हम्फ्री डेव्ही या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाने हीच गोष्ट उलटी वापरली. तांबं झिजतंय ना, मग त्याला मुद्दाम लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडा. ते झिजतील, तांबं वाचेल. प्रयोग केला आणि तांबं खरंच वाचलं. पण जहाजाच्या पोटावर शिंपल्यांचं जंगल माजलं! कारण तांबं जे थोडं थोडं विरघळत होतं, तेच तर शिंपल्यांना विष होतं. झिजणं थांबलं आणि संरक्षणही थांबलं. सॉफ्टवेअरमध्ये एक बग दुरुस्त करून दोन नवे उघडायचा अनुभव ज्यांना आहे, त्यांनी डेव्हीसाहेबांबद्दल सहानुभूती बाळगावी :)

या सगळ्याला पक्के आकडे दिले ते विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने. १८७० च्या दशकात त्याने टॉर्की गावी आपल्या घराजवळ पाण्याची लांबलचक टाकी बांधली आणि तिच्यातून लाकडी फळ्या ओढल्या. कुणावर व्हार्निश, कुणावर कापड, कुणावर वाळू चिकटवलेली. प्रत्येक फळीला ओढायला किती जोर लागतो ते मोजलं. फळी तीच, आकार तोच, पण नुसता वरचा थर खडबडीत झाला की लागणारा जोर कितीतरी वाढतो हे त्याने दाखवून दिलं.

म्हणजे पाण्यात रंग हाच वेग. १९५० च्या दशकापासून आपल्या किनाऱ्यावरच्या होड्यांना डिझेल इंजिनं बसू लागली, त्यानंतर तर हे जास्तच खरं झालं. कारण वेग वाढवायला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट हवा तर ताकद तिप्पटीहून जास्त लागते. तळ न घासता मोठं इंजिन बसवणं म्हणजे शिंपल्यांना डिझेल पाजणं.

मोटारसायकलला शिंपले लागत नाहीत हे मान्य. पण घनाचा हिशेब तिलाही लागू आहे, तिथे पाण्याऐवजी वारा असतो. १८ अश्वशक्तीचं इंजिन खर्च करून २७ चं केलं, म्हणजे ताकद दीडपट, तरी कमाल वेग वाढतो जेमतेम १४-१५ टक्के. (चढावर आणि ओव्हरटेकला फरक जाणवतो, नाही असं नाही.) आणि तो वेग वापरायचा कुठे? रेवदंडा-नागाव-अलिबाग रस्त्यावर? एका बाजूला वाड्या, दुसऱ्या बाजूला होमस्टेच्या पाट्या आणि मधून शनिवारी मुंबईकरांच्या गाड्या. शिवाय पुढचा ब्रेक तोच १९८९ चा ड्रम. लांब न्यावी म्हटलं तर अटल सेतूवर दुचाकीला मनाई आहे. मुंबईला जायचं तर मांडव्याहून रो-रो बोटीत गाडी चढवायची. तिथे इंजिन बोटीचं, आपलं बंद.

मामेभाऊ इथे जरा गप्प झाला.

*

आता मीठ. समुद्राच्या वाऱ्याबरोबर खाऱ्या पाण्याचे अगदी बारीक तुषार येतात आणि पत्र्यावर बसतात. पाणी उडून जातं, मीठ राहतं. हे मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं. साधं मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला स्वतःच पाणी होतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे जे क्षार असतात ते त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेला. म्हणजे कोकणात पाऊस नसला, दव नसलं, तरी तुमच्या गाडीवर डोळ्यांना न दिसणारा ओला पापुद्रा जवळजवळ कायम असतो. तिथे रंगाला एक ओरखडा पुरे. गंज रंगाच्या खालून पसरतो, फुगतो (गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो), रंग उचलतो, आणि नव्या लोखंडाला वाट करून देतो. अ‍ॅल्युमिनियमवर बसणारा थर त्याचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र घरभेदी.

या किनाऱ्यावर लोखंडाचं काय होतं ते बघायला लांब जावं लागत नाही. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जा. तिथे चाकांवर दोन इंग्रजी तोफा आहेत, यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याच्या. त्यांच्या अंगावरून हात फिरवा. इंचा-इंचाच्या जाडीची तोफ शतकभर गंज सोसू शकते. बुलेटच्या चेसिसची नळी काही मिलिमीटरची असते.

(याच अलिबागेत लोखंडाचा प्रश्न मुळापासून सोडवणारी एक जागा आहे, चुंबकीय वेधशाळा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार होत्या, म्हणून १९०४ मध्ये ती अलिबागला आणली आणि इमारती लोखंड टाळून बांधल्या. कारण वेगळं होतं, पण गंजाचाही प्रश्न मिटला! मोटारसायकल काही तशी बांधता येत नाही.)

हे सगळं वाचून झाल्यावर मी मामांना म्हटलं, "मामा, रंग की इंजिन ते नंतर बघू. आधी गाडी उघडून तर बघू या." गावातल्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने सीट काढली, बॅटरीचा डबा काढला, मागचा मडगार्ड सोडवला. वरून सगळं ठीकठाक दिसत होतं, मध्यंतरी कधीतरी लांबी भरून वरून काळा रंग मारलेला होता. मिस्त्रीने स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि बॅटरीच्या डब्याखाली, मागचं चाक धरणारा चिमटा जिथे चेसिसला जोडलेला असतो त्याच्या जवळ, नळीवर टोचला. टोक आत गेलं. नळीत. बोटभर.

कुणी काही बोललं नाही. मामी आत निघून गेल्या. अडुसष्ट वर्षांचा माणूस आठवड्यातून तीनदा त्या नळीच्या भरवशावर रेवदंडा-अलिबाग करत होता. तिथे ५०० चं किट बसवून आणखी जोर दिला असता तर काय झालं असतं, हे मामेभावाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

इंजिनाची स्थिती विचाराल तर मिस्त्रीच्या मते रिंगा आणि व्हॉल्व्हचं किरकोळ काम. "कास्ट आयर्न आहे, तेल बदलत राहिलात तर तुमच्या नातवालाही पुरेल," असं तो म्हणाला.

*

तर निर्णय असा झाला. गाडी पूर्ण उघडायची. चेसिस आणि चिमटा वाळूच्या फवाऱ्याने घासून नागड्या लोखंडापर्यंत न्यायचा. जिथे नळी खाल्ली असेल तिथे तुकडा कापून चांगल्या वेल्डरकडून नवा घालायचा, आणि त्याचं मन होत नसेल तर सरळ दुसरी चेसिस शोधायची, तिची कागदपत्रं नीट करून. मग जस्ताचा प्रायमर, मग दोन घटकांचा पक्का रंग. पोकळ नळ्यांच्या आतूनही मेणासारखं गंजरोधक सोडायचं, कारण गंज आतून आला होता. रंग काळाच. टाकीवरच्या सोनेरी रेघा हाताने मारून घ्यायच्या, ही मामींची एकमेव अट. उरलेल्या पैशात रिंगा, व्हॉल्व्ह आणि पुढच्या ब्रेकचे नवे लायनर. ५०० चं किट रद्द.

कायद्याच्या बाजूनेही हेच सोयीचं निघालं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते पुन्हा स्पष्ट केलं. इंजिनाचे सीसी वाढवले की आर.सी. बुक एक सांगणार आणि गाडी दुसरंच. अपघात झाला तर विमा कंपनीला तेवढं निमित्त पुरे. रंग बदलायला मात्र आडकाठी नाही, फक्त आर.सी.वर नोंद करून घ्यायची. आमचा तर रंगही तोच राहणार. आणि गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा तपासणीला ही गाडी उभी राहणारच आहे.

मित्र विचारतात, मग काय, रंग जिंकला का? मी सांगतो, कुठला रंग ते आधी ठरव. स्टिकर आणि चकाकी म्हणत असशील तर तो विक्रीचा रंग, त्याच्याआधी इंजिन बघ. २००० साली एन्फिल्डने तेच केलं आणि बरोबर केलं. पण समुद्रापासून पाच मिनिटांवर राहणाऱ्या गाडीचा रंग हा तिचा सुटा भाग आहे, पिस्टन किंवा चेनइतकाच. तो झिजतो, त्याची मुदत असते, आणि मुदत संपली की बदलावा लागतो. पुण्यात गाडी असती तर माझं उत्तर कदाचित वेगळं असतं. लांबी भरून वरून मारलेल्या रंगाबद्दल मात्र कुठल्याही गावात तेच उत्तर, नको.

तुमच्याकडेही जुनी गाडी किनाऱ्यावर कुणाकडे असेल, वडिलांकडे, काकांकडे, तर पुढच्या खेपेला बॅटरीचा डबा काढून एकदा टोचून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि रंगाचं काम काढणार असाल तर पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत प्रायमरखाली ओल अडकते आणि पैसे पाण्यात जातात. आम्ही दिवाळीनंतरचा कोरडा महिना धरलाय. तोपर्यंत मामा एस.टी.ने अलिबागला जातायत आणि रोज फोनवर विचारतायत, "झालं का रे तुमचं संशोधन?"